व्हिसा नाशिकमधून काढायचा की तिकडे पोहोचल्यावर? 'आधी जा, मग बघू' हा सल्ला महागात का पडतो

"आधी टुरिस्ट व्हिसावर निघून जा. तिकडे पोहोचलं की पुढचं सगळं होतं."

नाशिकमध्ये परदेशी जायचं ठरवलेल्या जवळपास प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं. कधी ते एजंट सांगतो, कधी लग्नात भेटलेला मावसभाऊ, तर कधी टोरांटोतल्या मित्राची व्हॉट्सअ‍ॅपवरची व्हॉइस नोट. सांगणारा खोटं बोलत असतोच असं नाही. तो गेला तेव्हा कदाचित तसं चालत होतं.

पण २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत बऱ्याच देशांनी हा मागचा दरवाजा लावून घेतला. जून २०२४ मध्ये पोर्तुगालने, जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाने, ऑगस्टमध्ये कॅनडाने आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, परिणाम मात्र एकच. लांब मुक्कामाच्या व्हिसाचा अर्ज कुठे बसून करायचा, हा प्रश्न आता सोयीचा राहिलेला नाही. चुकीच्या जागेवरून अर्ज केला तर फी जाते, वर्ष जातं आणि काही वेळा पुढची अनेक वर्षं त्या देशाचं दार बंद होतं.

मुळात हा प्रश्न येतो कुठून?

शिक्षण, नोकरी, जोडीदाराकडे किंवा मुलाकडे राहायला जाणं, यासाठी लागतो तो लांब मुक्कामाचा व्हिसा. तो मिळवण्याचे ढोबळमानाने तीन रस्ते आहेत. पहिला, मायदेशातून अर्ज करायचा, व्हिसा पासपोर्टवर आला की निघायचं. दुसरा, दुसऱ्या एखाद्या व्हिसावर त्या देशात आधीच असाल तर तिथल्या तिथे प्रकार बदलून घ्यायचा. तिसरा, तिसऱ्याच देशातून अर्ज करायचा, म्हणजे राहायला नाशिकला, जायचं अमेरिकेला आणि मुलाखत बँकॉकमध्ये.

तिसरा रस्ता गंमत म्हणून सांगितलेला नाही. कोव्हिडनंतर भारतात अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाची वेटिंग लिस्ट इतकी लांबली होती की फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासानेच सोशल मीडियावर सांगितलं होतं, तुम्ही परदेशी जाणार असाल तर तिथल्या आमच्या कार्यालयात अपॉइंटमेंट बघा, थायलंडमध्ये जागा आहेत. त्यानंतर बँकॉक, सिंगापूर, फ्रँकफर्ट अशी नावं 'कुठे लवकर तारीख मिळते' या चर्चांमध्ये फिरू लागली.

६ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ते थांबवलं. नॉन-इमिग्रंट व्हिसासाठी, म्हणजे पर्यटन, शिक्षण, एच-१बी या सगळ्यांसाठी, अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा कायदेशीर वास्तव्याच्या देशातूनच मुलाखत घ्यावी असा नियम लागू झाला. दुसरीकडून अर्ज केला तर व्हिसा मिळणं कठीण जाईल आणि भरलेली फी परत मिळणार नाही, हेही सोबत सांगून टाकलं.

यातला 'वास्तव्याचा देश' हा शब्द महत्त्वाचा आहे. व्हिसाच्या भाषेत घर म्हणजे जन्मगाव नाही. सिन्नरचा मुलगा दुबईत रेसिडेन्स व्हिसावर नोकरी करत असेल, तर त्याच्यासाठी दुबई हेही घर. तो तिथून अर्ज करू शकतो. पण दुबईला पंधरा दिवस फिरायला गेलेला नाशिककर तसं करू शकत नाही.

एकच मुलगा, दोन ठिकाणं आणि ८८ लाखांचा फरक

अर्ज कुठून केला याला किती किंमत असू शकते, याचं सगळ्यात ठळक उदाहरण एच-१बी व्हिसाचं आहे.

१९ सप्टेंबर २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली. नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये. सुरुवातीला गोंधळ इतका होता की सुट्टीवर आलेले लोक मिळेल त्या विमानाने परत निघाले. महिनाभराने, २० ऑक्टोबरला, अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन विभागाने स्पष्टीकरण दिलं. ही रक्कम लागू होते ती अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एच-१बी व्हिसा नसलेल्या माणसासाठी नवा अर्ज केला तर. माणूस आधीच अमेरिकेत असेल, समजा विद्यार्थी व्हिसावर, आणि तिथल्या तिथे प्रकार बदलण्याचा अर्ज मंजूर झाला, तर ही रक्कम नाही.

म्हणजे नाशिकच्या एकाच कॉलेजातून, एकाच वर्षी बाहेर पडलेले दोन इंजिनिअर घ्या. एक अंबडच्या कंपनीत कामाला लागला, दुसरा एमएस करायला गेला. अमेरिकन कंपनीला दोघंही हवे असतील, तर पहिल्यासाठी तिला एक लाख डॉलर जास्तीचे मोजावे लागतील. आता कोणती कंपनी पहिल्याला बोलावेल?

मग काय, तिकडे जाऊनच अर्ज केलेला बरा? इथे दुसरी बाजू सुरू होते.

देशात बसून प्रकार बदलला की कागदावर तुमचा दर्जा बदलतो, पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का येत नाही. अमेरिकेतच राहायचं असेल तोवर काही बिघडत नाही. पण बहिणीच्या लग्नाला किंवा दिवाळीला नाशिकला आलात, की परत जाण्यासाठी मुंबईच्या बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत द्यावी लागते. ती एक लाख डॉलरची रक्कम तेव्हा पुन्हा उगवत नाही, हेही ऑक्टोबरच्या स्पष्टीकरणात आहे. तारीख मिळण्याची हमी मात्र कुणी देत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये नेमकं हेच झालं. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि त्यावरच्या कुटुंबीयांच्या एच-४ अर्जदारांची सोशल मीडिया तपासणी सुरू झाली. त्यासाठी भारतातल्या अनेक मुलाखती थेट मार्च २०२६ आणि त्याही पुढे ढकलण्यात आल्या. दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेली माणसं इथेच अडकली. भाड्याचं घर तिकडे, मुलांची शाळा तिकडे, लॅपटॉप उघडून भारतातून काम करायला कंपनी परवानगी देईल की नाही याची धाकधूक.

२००४ पर्यंत असे व्हिसा अमेरिकेतल्या अमेरिकेत नूतनीकरण करून मिळायचे. बोटांचे ठसे बंधनकारक झाले आणि ती सोय गेली. २०२४ च्या सुरुवातीला २० हजार जणांपुरता पुन्हा प्रयोग झाला. त्यापुढे ते गाडं सरकलेलं नाही.

आणखी एक बारीक पण घातक गोष्ट. प्रकार बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना अमेरिका सोडली, तर तो अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. आजीची तब्येत बिघडली म्हणून धावत यावं लागलं तरी नियम तोच.

जर्मनी: इथे मधला रस्ताच नाही

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन किंवा नर्सिंग केलेली मुलगी यांच्यासाठी सध्या जास्त चर्चा जर्मनीची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिला टप्पा १० हजार जणांचा ठरला होता. तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांत जर्मन भाषेच्या वर्गांची विचारणा वाढली.

जर्मनीचा नियम पासपोर्ट बघून बदलतो. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण कोरिया अशा काही देशांचे नागरिक व्हिसाशिवाय जर्मनीत उतरू शकतात आणि मग तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात राहण्याचा परवाना मागू शकतात. भारतीयांना ही मुभा नाही. आपल्याला निघण्याआधीच 'डी' प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. इंटरनेटवर एखादी अमेरिकन मुलगी 'बर्लिनला आले आणि इथेच परवाना काढला' असं सांगत असेल, तर ती खरं सांगते आहे. फक्त ते तुमच्या उपयोगाचं नाही.

शेंगेन व्हिसावर फ्रँकफर्टच्या औद्योगिक प्रदर्शनाला गेलात आणि तिथे नोकरीची ऑफर मिळाली, तरी साधारणपणे परत यायचं, अर्ज भारतातून करायचा आणि मग जायचं. फ्रान्सचंही तसंच. टुरिस्ट व्हिसा तिथे लांब मुक्कामाचा होत नाही.

पण इथेही वेळ वाचवण्याची एक सोय आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. जर्मन कंपनी स्वतः तिथल्या कार्यालयात जलद प्रक्रियेचा अर्ज करू शकते. त्याची फी ४११ युरो. तिथून पूर्वसंमती आली की भारतातल्या दूतावासाने तीन आठवड्यांच्या आत अपॉइंटमेंट देणं अपेक्षित असतं. म्हणजे धावपळ तिकडच्या मालकाने करायची, व्हिसा मात्र मुंबईतूनच घ्यायचा. ऑफर हातात असेल तर एचआरला हा प्रश्न नक्की विचारावा.

नोकरी शोधायलाच जायचं असेल तर जून २०२४ पासून 'चान्सनकार्ट' नावाचं कार्ड आहे. शिक्षण, अनुभव, भाषा यांच्या गुणांवर ते मिळतं, एक वर्षापर्यंत राहता येतं आणि आठवड्याला २० तास काम करता येतं. भारतात राहणाऱ्याने तेही भारतातूनच काढायचं.

शिकायला गेलेल्यांचं गणित वेगळं. विद्यार्थी व्हिसावर गेलेला मुलगा पदवी घेऊन तिथल्या तिथे नोकरी शोधण्याचा १८ महिन्यांचा परवाना घेऊ शकतो, मग नोकरीचा. त्याला नाशिकला परत यावं लागत नाही. पहिला व्हिसा योग्य प्रकारचा असेल तर पुढचे बदल तिथे होतात. पहिलाच चुकीचा असेल तर एकही होत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांचं सूत्र हेच आहे.

पोर्तुगाल याला मोठा अपवाद होता. तिथे टुरिस्ट म्हणून शिरून, काम धरून, कर भरून नंतर परवाना मागता यायचा. ३ जून २०२४ ला सरकारने ही पद्धत रद्द केली. 'पोर्तुगालला जा, वर्षभरात कार्ड' अशा रील्स त्यानंतरही फिरत राहिल्या.

ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया

ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलेल्याला विद्यार्थी, नोकरी किंवा जोडीदाराच्या व्हिसावर तिथल्या तिथे जाता येत नाही. विद्यार्थ्याला कुशल कामगार व्हिसावर जाता येतं, पण जुलै २०२३ पासून अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर. बाहेरून केलेल्या नोकरीच्या अर्जाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो, आत बसून केलेल्याला आठ आठवडे लागू शकतात. म्हणजे 'तिकडे पोहोचलं की काम लवकर होतं' हे इथे उलटं आहे.

कॅनडाने कोव्हिडच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, व्हिजिटरला देशात बसूनच वर्क परमिट मागण्याची सवलत दिली होती. ती २८ ऑगस्ट २०२४ ला अचानक, ठरलेल्या तारखेच्या सहा महिने आधी, बंद झाली. आणखी एक जुनी युक्ती होती, 'फ्लॅगपोलिंग'. कॅनडातून गाडी काढायची, अमेरिकेच्या सीमेपर्यंत जायचं, लगेच वळायचं आणि परत येताना सीमेवरच नवा परवाना घ्यायचा. २३ डिसेंबर २०२४ पासून बहुतेकांसाठी तीही गेली.

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून व्हिजिटर व्हिसावर असलेल्याला तिथून विद्यार्थी व्हिसाचा अर्ज करता येत नाही. तो देशाबाहेरूनच करावा लागतो.

आई-वडिलांचं काय?

तरुणांच्या व्हिसाबद्दल बोलणारे खूप असतात. इंदिरानगरमध्ये दोघंच राहणारे, मुलगा मेलबर्नला किंवा ब्रॅम्प्टनला, असे आई-वडील मात्र दरवेळी व्हिजिटर व्हिसा काढून सहा महिने राहून येतात. त्यांच्यासाठी 'अर्ज कुठून' हा प्रश्न सगळ्यात जास्त परिणाम करतो.

कॅनडाचा सुपर व्हिसा आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी आहे. एका वेळी पाच वर्षांपर्यंत सलग राहता येतं. मुलगा किंवा मुलगी तिथे नागरिक किंवा कायम रहिवासी हवी, तिचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर हवं आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा. आणि हा अर्ज कॅनडाबाहेरूनच करायचा असतो. साध्या व्हिजिटर व्हिसावर तिथे पोहोचल्यावर 'आता राहतोच आहोत तर सुपर व्हिसा करून घेऊ' असं करता येत नाही. तेव्हा नाशिकमध्ये असतानाच ठरवलेलं बरं.

ऑस्ट्रेलियात याच्या अगदी उलट प्रकार दिसतो. तिथे आई-वडिलांच्या कायम व्हिसाचे, कमी फीच्या प्रकारातले, दोन वर्ग आहेत. १०३ क्रमांकाचा साधा पालक व्हिसा आणि ८०४ क्रमांकाचा वृद्ध पालक व्हिसा. दोन्हींच्या रांगा इतक्या लांब आहेत की नव्या अर्जाला तीसहून अधिक वर्षं लागू शकतात, असं तिथलं गृह खातंच सांगतं. पण ८०४ चा अर्ज ऑस्ट्रेलियात राहून करायचा असतो आणि तो केल्यावर ब्रिजिंग व्हिसा मिळतो. म्हणजे रांग संपेपर्यंत मुलाच्या घरी कायदेशीर राहता येतं. १०३ वाल्यांनी वाट बघायची ती भारतात. रांग तेवढीच, पण एकजण नातवंडांसोबत थांबतो आणि दुसरा व्हिडिओ कॉलवर.

अर्थात अटी आहेत. ८०४ साठी वय तिथल्या पेन्शनच्या वयाएवढं, म्हणजे ६७ हवं. शिवाय किमान निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात हवीत. एक मुलगा मेलबर्नला आणि एक मुलगी पुण्यात असेल तर चालतं. मुलगा मेलबर्नला आणि दोन मुली नाशिक-पुण्यात असतील तर अर्ज तिथेच संपतो.

आणि सगळ्यात मोठा खड्डा '८५०३' नावाचा. व्हिजिटर व्हिसाच्या मंजुरीपत्रावर ही अट असेल, तर ऑस्ट्रेलियात असताना दुसऱ्या बहुतेक व्हिसांचा अर्जच करता येत नाही. नातेवाइकाने प्रायोजित केलेल्या व्हिजिटर व्हिसावर ती असतेच. विमानात बसण्याआधी ते पत्र शेवटपर्यंत वाचायला दहा मिनिटं लागतात.

'टुरिस्टवर जा' यात नेमका धोका काय?

नियमात बसत नाही एवढाच धोका असता तर फार तर फी बुडाली असती. खरा धोका खोटं बोलल्याचा शिक्का बसण्याचा आहे. टुरिस्ट व्हिसाच्या अर्जात 'फिरायला' असं लिहून मनात राहायचा बेत असेल, तर कायद्याच्या नजरेत ती दिशाभूल.

अमेरिकेत प्रवेश केल्यापासून ९० दिवसांच्या आत व्हिसाच्या उद्देशाशी विसंगत वागलात, तर अधिकारी मुळातच खोटं सांगितलं होतं असं गृहीत धरू शकतात. दिशाभूल सिद्ध झाली तर बंदी कायमची असू शकते. ब्रिटनमध्ये दहा वर्षं, कॅनडात पाच, ऑस्ट्रेलियात तीन. नवीन लग्न झालेल्या मुलीला 'आधी टुरिस्टवर ने, कागद नंतर' म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे माहीत नसतं, आणि शिक्का बसतो तो तिच्या पासपोर्टवर.

भारतही काही वेगळा वागत नाही. इगतपुरीला विपश्यनेसाठी आलेल्या परदेशी पाहुण्याला इथे आवडलं म्हणून टुरिस्ट व्हिसाचं रूपांतर नोकरीच्या व्हिसात करून मिळत नाही. भारतीयाशी लग्न केलं तर वाट आहे, एरवी परत जाऊन यायचं.

आखातात जाणाऱ्यांसाठी चित्र थोडं वेगळं आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिटवर गेलेल्याचा व्हिसा कंपनी तिथल्या तिथे बदलून घेऊ शकते आणि २०२२ पासून नोकरी शोधण्यासाठीचा वेगळा व्हिसाही आहे. पण दहावी न झालेल्या आणि त्यामुळे 'ईसीआर' पासपोर्ट असलेल्या कामगाराला आखातातल्या देशांसह १८ देशांत नोकरीला जाताना भारत सरकारची परवानगी लागते. व्हिजिट व्हिसावर गेला की तो या नोंदीतूनच निसटतो. पगार थकला, पासपोर्ट काढून घेतला, तर दूतावासाकडे दाखवायला नोंदवलेला करारच नसतो.

नाशिकहून अर्ज करताना

इथून अर्ज करण्याचा त्रासही खरा आहे. बहुतेक मोठ्या देशांच्या बायोमेट्रिक्ससाठी मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. अमेरिकेसाठी तर बोटांचे ठसे एका दिवशी आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो खरा, पण आमणेच्या पुढची मुंबई तीच आहे. सकाळी साडेआठची वेळ असेल तर पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नये, आदल्या रात्रीच पोहोचावं.

दुसरीकडे कागदपत्रं इथे असताना गोळा करणं फार सोपं असतं. नर्सिंगसारख्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखालच्या अभ्यासक्रमांची ट्रान्सक्रिप्ट्स म्हसरूळला मिळतात, मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवर, विवाह नोंदणी महापालिकेत, पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून. हेच परदेशातून करायचं तर मूळ पदवी कुरिअरने पाठवा, वडिलांच्या नावाने अधिकारपत्र द्या, मग ते बिचारे पिशवीत फाइल घेऊन खिडक्या फिरणार. जाण्याआधी पदवी, जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्राचं अपोस्टिल करून ठेवलं, तर पुढे तिकडून दुसरा अर्ज करायची वेळ आली तरी काम अडत नाही.

दोन्ही रस्ते खुले असतील तेव्हा एक प्रश्न स्वतःला विचारावा: नकार आला तर कुठे असायला आवडेल? नाशिकमध्ये बसून नकार आला तर फी गेली, तिकीट रद्द, पण नोकरी आणि घर जागेवर. तिकडे असताना नकार आला तर घरभाड्याचा करार, मुलांची शाळा, सगळं आवरून ठरावीक दिवसांत निघावं लागतं. मात्र काही देशांत आत असलेल्याला दाद मागण्याचा जास्त हक्क असतो. जर्मनीने तर परदेशातून केलेल्या अर्जाच्या नकारावर दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता एकतर नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जायचं.

एजंटमार्फत नोकरीला जाणार असाल तर त्याचा परवाना क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर तपासता येतो. नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. 'व्हिसा तिकडे उतरल्यावर देतो' म्हणणाऱ्याकडे हा क्रमांक मागून बघा. तिकडे गेल्यावर अडचण आली तर तक्रार नोंदवायला 'मदद' नावाचं पोर्टल आहे. त्यात पासपोर्ट क्रमांक लागतो, म्हणून पासपोर्टची एक प्रत नाशिकमध्ये घरच्यांकडेही ठेवावी.